फ्रीरेडियस आणि ८०२.१एक्स : अंबडच्या कारखान्यात काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. लॅपटॉप-डेस्कटॉपसाठी फ्रीरेडियस (नेटवर्कवर कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारं फुकट सर्व्हर सॉफ्टवेअर) आणि स्विचवरचं, म्हणजे सगळ्या केबल जिथे येतात त्या पेटीवरचं, ८०२.१एक्स (केबल लावणाऱ्याची ओळख तपासण्याची पद्धत) ही जोडी उत्तम आहे. शॉप फ्लोअरवरच्या मशीनसाठी तिच्याकडून निम्मंच काम होतं, उरलेलं निम्मं आपणच करायचं. आणि सॉफ्टवेअर फुकट म्हणून प्रकल्प फुकट असं कोणी मालकाला सांगून बसू नये. पैसा स्विचमध्ये जातो आणि वेळ माणसांशी बोलण्यात.

आमचा कारखाना नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. गाड्यांचे सुटे भाग बनतात. खाली सीएनसी, व्हीएमसी ही कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं आणि मापं तपासणारं एक सीएमएम, वर डिझाइन आणि अकाउंट्स. सातपूर-अंबडच्या बहुतेक व्हेंडरकडे नेटवर्क एकाच पद्धतीने वाढलेलं दिसतं: नवीन मशीन आलं की केबल ओढा, पोर्ट कमी पडला की टेबलाखाली पाच पोर्टचा हब टाका. मग ज्याची ड्रॉइंग्ज आपल्याकडे आहेत तो ग्राहक ऑडिटला येतो आणि भिंतीवरच्या पॉइंटकडे बोट दाखवून विचारतो, "इथे मी माझा लॅपटॉप लावला तर काय होईल?" तेव्हाचं खरं उत्तर होतं, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळेल आणि डिझाइनचा सर्व्हर दिसेल. दिवाळीनंतर हे काम हातात घेतलं ते त्या प्रश्नापायीच. आता पावसाळा संपत आलाय.

कल्पना साधी आहे. पॉइंटला केबल लावली की स्विच लगेच वाट देत नाही, आधी ओळख मागतो. लॅपटॉपने दिलेली ओळख तो रेडियस सर्व्हरकडे (आमच्याकडे फ्रीरेडियस) पाठवतो, सर्व्हर हो किंवा नाही सांगतो, आणि 'हो'सोबत कुठल्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कुठल्या वेगळ्या कप्प्यात, टाकायचं तेही सांगतो. डिझाइनवाला कॉन्फरन्स रूममध्ये येऊन बसला तरी त्याला डिझाइनचाच व्हीलॅन मिळतो. हा भाग पहिल्यांदा चालताना बघितला तेव्हा खरंच मजा आली. ८०२.१एक्स हे मानक २००१ सालचं, रेडियस त्याहून जुनं. म्हणजे नवीन काही नाही, आपल्याकडेच उशिरा पोचलं.

ओळख म्हणून पासवर्ड ठेवायचा की सर्टिफिकेट (कॉम्प्युटरचं डिजिटल ओळखपत्र), यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. पासवर्डवाली पीईएपी पद्धत बसवायला सोपी. पण तिच्या पोटातल्या एमएसचॅपव्ही२ या पासवर्ड तपासणीची ताकद एका ५६ बिटच्या जुन्या, तोडता येणाऱ्या डीईएस चावीइतकीच उरते, हे २०१२ मध्येच दाखवून झालंय. शिवाय विंडोज ११च्या २२एच२पासून एंटरप्राइझ आवृत्तीत क्रेडेन्शियल गार्ड (लॉगिनची माहिती जपणारी सोय) आपोआप चालू होतं आणि त्या पद्धतीचं आपोआप लॉगिन अडतं. म्हणून सरळ सर्टिफिकेटवाली ईएपी-टीएलएस पद्धत घेतली. प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचं सर्टिफिकेट, आणि त्याची खासगी चावी कॉम्प्युटरमधल्या चाव्या जपणाऱ्या टीपीएम चिपमध्ये. कोणी पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवण्याचा प्रश्नच संपला.

फ्रीरेडियसबद्दल माझं मत फार चांगलं आहे. डेबियन लिनक्स घालून एका जुन्या सर्व्हरवर बसवलं, दुसऱ्या मशीनवर त्याची जोडी ठेवली, आणि त्यानंतर ते तिथे आहे हे विसरायला होतं. पॅकेटफेन्स हे याच कामाचं तयार पॅकेजही पाहिलं. त्याला वेब स्क्रीन आहे, पाहुण्यांसाठी नोंदणीचं पान आहे, आणि आत फ्रीरेडियसच आहे. पण त्याला १६ जीबी रॅमपासून सुरुवात आणि आमच्या आकाराला एवढं नको होतं. फ्रीरेडियसमध्ये सगळं मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं, कुठेही बटण नाही. ज्याला ते आवडत नाही त्याने पॅकेटफेन्सच घ्यावं. एक गोष्ट मात्र कोणाकडूनही शिकून घ्या: सर्व्हिस थांबवायची आणि तेच सॉफ्टवेअर मोठा एक्स लावून डेबग मोडमध्ये चालवायचं. पानंच्या पानं मजकूर येतो, पहिल्यांदा छाती दडपते, पण विनंती कुठे अडली ते त्यात ओळ न् ओळ लिहिलेलं असतं.

विंडोजच्या बाजूची पहिली अडचण अगदीच क्षुल्लक. वायर असलेल्या नेटवर्कसाठी ओळख देणारी 'वायर्ड ऑटोकॉन्फिग' नावाची सर्व्हिस मुळात बंद असते. ती चालू नसेल तर नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ऑथेंटिकेशन' हा टॅबच दिसत नाही, आणि माणूस तो टॅब शोधत बसतो. ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या विंडोज पीसींना एकाच ठिकाणाहून सेटिंग देण्याची सोय) सर्व्हिस चालू केली, प्रोफाइल ढकललं, वरचा मजला झाला.

दुसरी अडचण जास्त गमतीची. लाइट गेली की स्टोअरमधला एक पीसी नेटवर्कला जोडलाच जायचा नाही. आमचे स्टोअरकीपर काका फोन करायचे, "सर, परत बंद पडलं. मी काही हात लावला नाही हं." आणि त्यांनी खरंच लावलेला नसायचा. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपलेला होता. वीज गेली की घड्याळ काही वर्षं मागे जायचं, आणि त्या तारखेला आमच्या रेडियस सर्व्हरचं सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नसायचं. पीसी म्हणायचा, हा सर्व्हर खोटा आहे. नेटवर्क नाही म्हणून वेळ दुरुस्त होत नाही, वेळ चुकीची म्हणून नेटवर्क नाही. सेल बदलला. शिवाय ओळख न पटलेल्यांसाठी वेगळा व्हीलॅन ठेवला. तिथून फक्त वेळेचा सर्व्हर दिसतो, दुसरं काही नाही. जुने पीसी असतील तर हे आधीच करून ठेवा.

आता खालचा मजला. सीएनसीचे कंट्रोलर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, बारकोड प्रिंटर यांना सर्टिफिकेट वगैरे काही कळत नाही. त्यांच्यासाठी मॅब, म्हणजे मॅक पत्ता बघून आत सोडणं. मॅक पत्ता ही गाडीची नंबर प्लेट आहे. मशीनच्या मागच्या स्टिकरवर छापलेली असते आणि लॅपटॉपवर ती नक्कल करायला एक मिनिट पुरतं. त्यामुळे मॅब चालू केलं म्हणून सुरक्षा आली असं मानू नका. आम्ही दोन गोष्टी केल्या. मशीनचा मॅक पत्ता ठरलेल्या स्विचच्या ठरलेल्या पोर्टवरूनच आला तर सर्व्हर हो म्हणतो. आणि मशीनच्या व्हीलॅनमधून प्रोग्राम पाठवणाऱ्या डीएनसी सर्व्हरखेरीज कुठेही जाता येत नाही. नक्कल करून कोणी आत आलाच तर त्याला पार्ट प्रोग्राम दिसतील, डिझाइन आणि अकाउंट्स दिसणार नाहीत. ग्राहकाच्या ऑडिटरला हे पटलं. मला पूर्ण पटलेलं नाही, पण याहून जास्त त्या कंट्रोलरकडून होणार नाही.

मॅबमध्ये वेळेचा खेळही आहे. स्विच आधी ८०२.१एक्सने विचारतो, उत्तर नाही आलं की मॅबकडे वळतो. बऱ्याच स्विचवर मूळ सेटिंग तीस-तीस सेकंदांच्या तीन प्रयत्नांचं, म्हणजे दीड मिनिट. तोवर बारकोड प्रिंटर आयपी मागून थकतो आणि स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. डिस्पॅचला गाडी उभी आणि लेबल निघत नाही. फक्त मॅबच लागणाऱ्या पोर्टवर मॅब आधी करून टाकलं, तक्रार संपली.

टेबलाखालच्या हबचं काय झालं ते सांगतो. ओळख विचारणाऱ्या या फ्रेम (नेटवर्कवरचे निरोप) ज्या खास पत्त्यावर जातात, त्या मानक पाळणारा स्विच पुढे पाठवत नाही, आणि आपण हब म्हणतो तो बहुधा छोटा स्विचच असतो. त्यामुळे हबच्या मागचे काही पीसी गप्पच राहिले, आणि कुठे कुठे हब लपलेत याची यादी आपोआप तयार झाली. क्वालिटीच्या खोलीत एक तर कपाटामागे होता, धुळीने माखलेला, त्यावर सीएमएमचा पीसी आणि कोणाचा तरी वायफाय राउटर. राउटर कोणाचा ते आजवर कोणी कबूल केलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ सुपरवायझरना समजावण्यात गेला, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. "तुमचा सर्व्हर बंद पडला तर माझी रात्रपाळी बंद का? दोन वाजता कोणाला फोन करू?" यावर तोडगा स्विचमध्येच आहे. दोन्ही रेडियस सर्व्हर उत्तर देत नसतील तर मशीनच्या पोर्टना मशीनच्याच व्हीलॅनमध्ये सोडायचं. ऑफिसच्या पोर्टना ही सवलत नाही. पहिला महिना तर स्विचला फक्त बघायला लावलं, अडवायला नाही. कोण आत येतंय याची नोंद झाली आणि मग एकेक भाग बंद केला. ज्या स्विचला असा 'नुसतं बघा' मोड नाही तो घेऊच नका.

ज्यांनी आधीच बसवलंय त्यांच्यासाठी एक इशारा. जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडियस ही त्रुटी जाहीर झाली, क्रमांक सीव्हीई-२०२४-३५९६. रेडियस अजून एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीवर टेकलेलं असल्यामुळे स्विच आणि सर्व्हरच्या मध्ये बसलेला माणूस 'नाही'चं 'हो' करू शकतो. ईएपीला (८०२.१एक्समध्ये ओळख ज्यातून दिली जाते ती पद्धत) तिचा त्रास नाही, कारण तिथे मेसेज-ऑथेंटिकेटर (निरोप खरा असल्याची खूण) सक्तीचा असतो. पण मॅब ईएपी नाही. फ्रीरेडियस ३.२.५ किंवा पुढचं घ्या आणि मेसेज-ऑथेंटिकेटर सक्तीचा करा. जुना स्विच तो पाठवत नसेल तर आधी त्याचं फर्मवेअर बदला, नाहीतर सगळी मशीनं एकदम बाहेर फेकली जातील. रेडियसची रहदारी वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवणंही तितकंच गरजेचं.

मागून लक्षात आलेला फायदा लॉगचा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळं जुळवलेली ठेवायची आणि घटना सहा तासांत कळवायची. कुठला लॅपटॉप कुठल्या पोर्टवर किती वाजता आला, हे आता एका ओळीत निघतं.

वायफायला कंपनीच्या लॅपटॉपसाठी हीच सर्टिफिकेटं चालतात. कामगारांचे मोबाइल पाहुण्यांच्या नेटवर्कवर. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन मॅक पत्ता बदलून दाखवतात, त्यामुळे फोनच्या मॅकच्या याद्या करत बसणं फुकट जातं.

एक भोक अजून उघडं आहे. मशीन कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर येतो आणि स्वतःचा लॅपटॉप थेट कंट्रोलरच्या पोर्टला लावतो, मध्ये आमचा स्विचच नसतो. तिथे रेडियसला काही कळायचा मार्ग नाही. सध्या त्याच्या लॅपटॉपची नोंद गेटवरच्या रजिस्टरमध्ये होते, काम चालू असताना त्या मशीनची नेटवर्क केबल आम्ही काढून ठेवतो, आणि सुपरवायझर दादा शेजारी उभे राहतात.