सिक्सपेन्सने गिटार वाजवून बघितली, तीन महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

तीन महिने झाले, प्लास्टिकच्या पिकला (गिटारच्या तारा छेडायची छोटी पट्टी) हात लावला नाहीये. रोज रात्री जेवणं आटोपली की पाऊण तास सिक्सपेन्सने वाजवतो, म्हणजे इंग्लंडचं जुनं सहा पेनीचं नाणं, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे आयुष्यभर ज्याने वाजवत आलाय ते. आता चांगलंच हातात बसलंय म्हणून लिहितोय.

नाणं कसलं घ्यायचं ते आधी सांगतो. रोजच्या व्यवहारासाठी ही नाणी 1967 पर्यंत पाडली आणि 1980 मध्ये ती चलनातून गेली. 1946 पर्यंतच्या नाण्यांत चांदी आहे, ती उगाच महाग पडतात, 1947 नंतरचं तांबं-निकेलचं घ्या. मी नाण्यांच्या प्रदर्शनातून 1961 चं आणि 1964 चं अशी दोन घेतली, दोन्हीचे मिळून 300 रुपये. त्यातल्या 1964 च्या नाण्याचे कडेचे दाते पार झिजलेले निघाले, पाकिटात होतं म्हणून कड दिसलीच नाही आणि विकणाऱ्यानेही काही सांगितलं नाही. त्यामुळे पाकिटातून बाहेर काढून कडेवरून नख फिरवून बघा, खरखर लागली तरच पैसे द्या. कारण सगळी मजा त्या दात्यांतच आहे.

नाणं तारेला समांतर धरलं की आवाज गोल आणि स्वच्छ येतो, जरासं तिरकं केलं की दाते तारेला घासतात आणि प्रत्येक सुराच्या सुरुवातीला एक बारीकसं खर्र येतं, माणूस बोलायच्या आधी घसा साफ करतो ना तसं. ब्रायनच्या सोलोमध्ये, म्हणजे एकट्या गिटारच्या तुकड्यांत, गिटार बोलल्यासारखी वाटते त्यात या खर्रचा मोठा वाटा आहे, हे मला स्वतः वाजवल्यावर कळलं, नुसतं ऐकून वीस वर्षांत कळलं नव्हतं! दुसरं म्हणजे नाणं वाकत नाही. प्लास्टिक वाकतं आणि तुमच्या बोटाची अर्धी हालचाल स्वतःच गिळतं. इथे बोट जेवढं हलेल तेवढंच तारेला कळतं, म्हणून पहिले पंधरा दिवस माझं सगळं वाजवणं ओबडधोबड आलं, जोर जास्त लागायचा, वरची बारीक तार तर दोनदा तुटली. घट्ट पकडू नका, तर्जनी वाकवून तिच्या कडेवर नाणं ठेवा आणि अंगठा नुसता टेकवा. मी मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून एकाच तारेवर हळू आणि जोरात, समांतर आणि तिरकं असं आलटून पालटून दहा मिनिटं करतो, बाकी स्केल वगैरे नंतर.

एक मात्र स्पष्ट सांगतो, नुसत्या नाण्याने तो आवाज येणार नाही. ब्रायनची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी 1963 पासून घरी बनवलेली, जुन्या फायरप्लेसचं लाकूड आणि मोटरसायकलच्या स्प्रिंगा वापरून, पुढे व्हॉक्स एसी30 हा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) आणि ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर आणखी उठवणारी छोटी पेटी. ही अँप आणि बूस्टरची जोडी त्याने आयरिश गिटारवादक रोरी गॅलहरकडून उचलली, थेट त्यालाच विचारून. गिटारमधून गाणं काढायची ओढ त्याच्याही आधीची, शॅडोज या ब्रिटिश बँडच्या हँक मार्विनला ऐकून लागलेली. माझ्याकडे साधा 10 वॅटचा अँप आहे, शेजारी झोपलेले असतात म्हणून आवाजाचं बटण दोनच्या वर जात नाही, तरी खर्र ऐकू येतं. पण ते येतं क्लीनवर (स्वच्छ आवाजावर) किंवा हलक्या ओव्हरड्राइव्हवर (जरासा फाटलेला आवाज), डिस्टॉर्शन (पूर्ण फाटलेला आवाज) फुल्ल केलं की सगळं त्यात बुडून जातं.

आता आपल्याकडचा पर्याय. आईच्या डब्यात जुने चारआणे सापडले, तेही तांबं-निकेलचे, आकार जवळपास तेवढाच, 19 मिलिमीटर, आणि कडेला दाते! वजन थोडं कमी. आठवडाभर त्यानेच वाजवलं आणि डोळे मिटून ऐकलं तर मला फरक सांगता आला नाही. नंतरचं गेंड्याचं चित्र असलेलं स्टीलचं चारआण्याचं नाणं मात्र नको, माझ्याकडचं कडेला गुळगुळीत आहे, त्याने नुसता टणक आवाज येतो. चारआणे 2011 मध्ये बंद झाले पण घराघरात पडलेले असतात, आधी तेच शोधा, आवडलं तर मग सिक्सपेन्सवर पैसे घाला. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, त्याच्या खिशात त्या काळी चारआणे नक्की असणार, हा विचार वाजवताना रोज मनात येतो आणि फार बरं वाटतं.

तारा लवकर खराब होतात, जाड गुंडाळलेल्या तारांवर सहा आठवड्यांत चकचकीत चट्टे पडले, आधी तेवढ्याच तारा मला तीन महिने जायच्या. पिकगार्डवरही (तारांखालची संरक्षक पट्टी) ओरखडे आलेत, महागडी गिटार असेल तर त्यावर आधी पारदर्शक फिल्म लावून घ्या. अकूस्टिकवर, म्हणजे विजेशिवायच्या साध्या गिटारवर, मला अजिबात आवडलं नाही, नुसतीच कर्कश खरखर. इलेक्ट्रिकसाठी मात्र पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क तारांच्या खर्चाचा कापला. ते 1961 चं नाणं आता गिटारच्या केसमध्येच असतं, आणि झिजलेलं 1964 चं शिकायला येणाऱ्या भाच्याला दिलंय, गुळगुळीत असल्यामुळे त्याच्या हाताला ते सोपं जातं.