आरओ मशीन: वर्षभराच्या वापरानंतर, आणि त्या पांढऱ्या नळीबद्दल जरा जास्तच

मशीन कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही. आरओ (पाण्यातले क्षार काढणारं), यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा), यूएफ (बारीक जाळी), टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा कंट्रोलर, आठ लिटरची टाकी, समोर निळा दिवा. या वर्णनात बाजारातली निम्मी मशीनं बसतात. मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये घेतलं. चव, आवाज, बसवून द्यायला लागलेला वेळ यावर लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलंय, माझंही मत तेच: चव चांगली, आवाज सहन होतो. मला लिहायचंय ते मे महिन्यात मशीनने स्वतःला कुलूप लावून घेतलं तिथपासूनचं.

नागपुरातला मे म्हणजे काय हे इथल्यांना सांगायला नको. पारा ४५च्या आसपास, आणि हे लाल दिवा लावून बसलेलं. धार कमी झाली नव्हती, चव बदलली नव्हती. आत एक मोजणी असते: इतके लिटर झाले की फिल्टरचं आयुष्य संपलं, पाणी बंद. फिल्टर खरंच तुंबलाय का, हे ती बघत नाही. निवळलेलं पेंच धरणाचं नळाचं पाणी असो की गाळाचं बोअरचं, आकडा एकच. टेक्निशियन आला, झाकणाला हात न लावताच म्हणाला, "काकाजी, मेंब्रेन गेली तुमची."

"अरे भाऊ, उघडून तर पाहा."

"उघडून काय पाह्यचं, सिस्टीमच सांगून राहिली नं."

गाळ अडवणारी कॅन्डल, क्लोरीन काढणारा कार्बन, क्षार अडवणारी मेंब्रेन, यातलं काही वॉरंटीत येत नाही. ४,८०० रुपयांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घ्या, नाहीतर सुटे फिल्टर घ्या, तेही आमच्याचकडून, कारण बाहेरचे लावले तर वॉरंटी गेली. मी दोन्हीला नाही म्हटलं आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मशीन चालू आहे, फक्त मोजणीने अडवलंय, हे एका वाक्यात लिहिलं. कंपनीचा फोन आला, "एक वेळची सवलत" म्हणून मोजणी शून्यावर आणून दिली. तेच फिल्टर आजही चालू आहेत. बाहेरची कॅन्डल तेवढी मी बर्डीच्या बाजारातून आणून हाताने बदलली, पाच मिनिटांचं काम आहे. एएमसीची रक्कम आणि त्या कॅन्डलची किंमत शेजारी शेजारी ठेवून बघा, मग माझी चिडचिड कळेल.

या भांडणात हातात टीडीएसचं पेन आलं आणि मी घरभर ते बुडवत फिरलो. नळ: लिटरला १८० मिलिग्रॅम. मशीनचं शुद्ध पाणी: ४०. मग ओट्यामागून मोरीत जाणाऱ्या त्या पांढऱ्या नळीखाली वाटी धरली. या नळीला सगळे 'वेस्ट' म्हणतात, आणि माझा समज होता की तिथून काहीतरी भयंकर बाहेर पडत असणार. पेन म्हणालं २२५.

हिशोब साधा आहे. माझं मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर टाकतं, हे मी बादली लावून मोजलंय. चार लिटरमधले क्षार, शुद्ध पाण्यात राहिलेले ४० सोडून, त्या तीन लिटरमध्ये गोळा होतात, म्हणजे १८० चे २२५च्या आसपास व्हायलाच हवेत. आता भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ची आवृत्ती: पिण्याच्या पाण्यात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतं. म्हणजे क्षारांच्या हिशोबाने माझ्या घरातलं टाकाऊ पाणीही मानकाच्या निम्म्याहून खाली आहे. जे काढायला मशीन आणलं ते मुळात जास्त नव्हतंच, आणि ते काढायला रोज साठेक लिटर पाणी मोरीत.

पाण्याच्या बिलात हे जाणवत नाही, महिन्याला जेमतेम दोन युनिट, म्हणजे दोनेक हजार लिटर. तरी जीव जळतो. जुलै २०१९ आठवा. पेंचवरच्या तोतलाडोह धरणात पाणी उरलं नव्हतं आणि महापालिकेने अख्ख्या शहराला एक दिवसाआड पाणी दिलं. पाऊस लांबला हे खरंच, पण वर मध्य प्रदेशात चौराईचं धरण झाल्यावर पेंचचं खाली येणारं पाणी घटलं, हेही सगळ्यांना माहीत. तेव्हा दोन्ही सरकारांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या किती घरांत पांढरी नळी चालूच होती, ते कोणी मोजलं नाही.

मी आता नळीखाली बादली ठेवतो. पोछा, कुंड्या आणि उन्हाळ्यात कूलर. कूलरवाला म्हणाला होता, वेस्टचं पाणी टाकू नका, वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो. बोअरच्या घरात बसत असेल. १८० आणि २२५ मधला फरक ताटीला कळत नाही, उरलेला उन्हाळा तसाच काढलाय.

टीडीएस कंट्रोलरबद्दल तर बोलूच नका. जाहिरातीत ते 'मिनरल परत देणारं तंत्रज्ञान' असतं. माझ्या मशीनमध्ये तो एक छोटा व्हॉल्व्ह निघाला, मेंब्रेनला वळसा घालून आलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळणारा. म्हणजे वरणातलं मीठ काढायला एक यंत्र घ्यायचं आणि मग चिमूटभर मीठ घालायला दुसरं. त्याचे पैसे वेगळे.

आणि पेन? ते पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. कावीळ, हगवण, कीटकनाशक, यातलं काही त्याला दिसत नाही. उकळून गार केलेल्या निर्जंतुक पाण्यात चिमूटभर मीठ टाका, आकडा भडकतो. सेल्समन दारात येऊन दोन ग्लासांत विजेच्या दांड्या बुडवून दाखवतो, नळाच्या पाण्यात तपकिरी चिखल होतो, आरओचं स्वच्छ राहतं. आई ते बघून हादरली होती. तो चिखल पाण्यातला नसतो, त्या लोखंडी दांडीचाच असतो. क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं. आरओच्या पाण्यात वीजच नीट वाहत नाही, मग चिखल कुठून होणार?

ज्या शहरात हा खेळ खपतो त्या शहरात नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, हे विशेष. १९५८ पासून वर्धा रोडच्या बाजूला पाणी आणि सांडपाणी यांवर काम करणारी. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओची गरज नाही, हे नीरी, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी दिल्ली यांनी मिळून लिहून दिलंय. त्यावर मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं की अशा ठिकाणी आरओवर बंदी आणा, आणि जिथे परवानगी द्याल तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात आलंच पाहिजे. कंपन्यांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये मंत्रालयाचा मसुदा निघाला. पुढचं काय ते कोणत्याही दुकानात जाऊन बघा. गिऱ्हाइकाला आजही विचारतात, "किती स्टेजचं दाखवू?" नळाचा टीडीएस किती, हे मला एकानेही विचारलं नाही.

त्याआधी, २०१९च्या नोव्हेंबरमध्ये, तेव्हाचे केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी शहरांच्या नळाच्या पाण्याची यादी जाहीर केली होती. मुंबई पहिली, दिल्ली शेवटची, मग पासवान आणि केजरीवाल यांची जुंपली आणि पाण्याचे नमुने टीव्हीवर आले. यादी दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांची. उपराजधानीचं पाणी कोणी तपासलं नाही, आमचं राजधानीपण हिवाळी अधिवेशनापुरतं. इथे भांडण वेगळं आहे. २०१२ पासून शहराचा पाणीपुरवठा २५ वर्षांच्या कराराने खासगी ऑपरेटरकडे आहे, चोवीस तास पाण्याचं वचन होतं, धरमपेठेत आधी प्रयोग झाला. एक बाजू म्हणते देशाला दिशा दाखवली, दुसरी म्हणते लुटलं. दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांच्या घरी मात्र आरओ, आणि नळयोजनेच्या उद्घाटनाला स्टेजवर प्रत्येक खुर्चीपुढे बाटली. नळावर विश्वास नाही यावर सर्वपक्षीय एकमत झाल्यावर माझ्यासारख्याने बारा-पंधरा हजारांचं डबडं भिंतीला टांगलं तर नवल काय.

आता उलट बाजूची भीतीही बघा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक काका टाकतात की आरओच्या पाण्याने हाडं पोकळ होतात, गुडघे जातात, बी-१२ संपतं. अगदी क्षार नसलेलं पाणी वर्षानुवर्षं पिण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये छापलेल्या आढाव्यात सावधगिरीचा सूर आहे, तो मी नाकारत नाही. पण नळाच्या पाण्याचा कठीणपणा (तो कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजतात) लिटरला १५० मिलिग्रॅम धरला आणि तो सगळा कॅल्शियमचाच मानला, तरी लिटरमागे ६० मिलिग्रॅम कॅल्शियम होतं. दिवसाला दोन लिटर प्यायलात तर १२०. तेवढं गाईच्या १०० मिली दुधात असतं. गुडघ्यांचं खापर नळीवर फोडण्याआधी ते दूध घ्या. बी-१२ दूध, अंडी, मांस यांतून येतं, नळातून नाही. आणि 'अल्कलाइन' कॅन्डलला जास्तीचे दोन हजार देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की पोटात गेल्यावर त्या पाण्याची गाठ जठरातल्या ॲसिडशी आहे.

इथपर्यंत मी ठरवलं होतं की मशीन काढून साडूला द्यायचं आणि या परीक्षणात एकच तारा द्यायचा. मग पावसाळा आला.

मागच्या गल्लीत कावीळ निघाली. पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत का हे सांगणारी एच-टू-एसची छोटी बाटली मिळते, पाणी भरून ठेवायचं, दूषित असेल तर एक-दोन दिवसांत काळी पडते. खेड्यापाड्यांत पाणी तपासायला हेच वापरतात. मी तीन भरल्या. खाली मीटरजवळच्या थेट नळाचं पाणी तसंच राहिलं. मशीनचंही तसंच राहिलं. गच्चीवरच्या टाकीचं, म्हणजे स्वयंपाकघरात येणाऱ्या पाण्याचं, काळंकुट्ट.

म्हणजे गोरेवाड्याच्या शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी आमच्या फाटकापर्यंत बरं होतं. महापालिका नाही, ऑपरेटर नाही, मध्य प्रदेश नाही, घाण आमच्याच डोक्यावर होती. टाकीचं झाकण फुटलेलं, आत कबुतराची पिसं, शेवटची धुलाई कधी झाली हे वॉचमनलाही आठवेना. आणि त्या पाण्यातून घरच्यांना वाचवलं ते मशीननेच. म्हणून तारे वाढवले, तीन केले. पण या कामाला मेंब्रेनची गरज नाही, यूएफची जाळी आणि यूव्हीचा दिवा पुरतो, आणि त्यांच्यात पाणी वाया जात नाही. दिवा नसेल तर खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलेलं पाणीही चालतं, फक्त पिण्यापुरते आठ-दहा लिटर रोज उकळून मेमध्ये गार करून दाखवा. नुसतं यूव्हीचं मशीन मागितलं तर दुकानदार हसला, "साहेब, ते आता कोण घेते?" शोधलं तर मिळतं, निम्म्या किमतीत.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक असतं, तेच वाटेत जंतूंना अडवतं. मशीनचा कार्बन ते काढून टाकतो, म्हणून चव गोड. पण मग मशीनच्या पोटातल्या टाकीतलं पाणी राखणीविना उभं असतं. गावाला जाऊन आलात तर ती टाकी आधी रिकामी करा, आतून हात फिरवा. बुळबुळीत लागलं तर समजा.

कोणी घ्यावं? माझी ताई बेशाला राहते, बोअरचं पाणी, पेन ९०० दाखवतं, आंघोळीच्या बादलीला पांढरा थर. तिने घ्यावंच. चंद्रपूर-यवतमाळच्या फ्लोराइडवाल्या गावांत तर आरओ गरजेचं आहे, मानकात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर दीड, आणि ते उकळून जात नाही, यूव्हीनेही जात नाही. पेंच-कन्हान नद्यांचं नळाचं पाणी येणाऱ्या घराने आधी टाकी धुवावी, मग यूव्ही बघावं.

एएमसी मी घेतलेली नाही, घेणारही नाही. टाकी धुणारा पुढच्या रविवारी येतोय, फ्लॅटमागे दीडशे रुपये मागून राहिला. दोन घरांनी आताच नाही सांगितलं. "आमच्याकडे आरओ आहे," म्हणाले.