फुलांचा फोटो दाखवताना आधी बोलावं की गप्प राहावं?

जास्वंदीच्या एका फोटोवर मला तीन जणांनी एकच गोष्ट सांगितली होती: फोकस चुकलाय. तो चुकला नव्हता. लाल रंग पाकळीतून वाहतोय असं वाटावं म्हणून शटर उघडं असताना मी कॅमेरा मुद्दाम देठाच्या दिशेनं खाली ओढला होता. पुढच्या वेळी अशाच एका फोटोबरोबर मी सगळं आधीच सांगून टाकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. उजव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका नजर खेचून घेत होता, तो मात्र कोणीच दाखवला नाही. प्रिंट भिंतीवर लावल्यावर तो मला दिसला आणि मग दुसरं काही दिसेना.

फुलांचे कल्पक फोटो काढणाऱ्याला कधी ना कधी हे ठरवावं लागतं: अभिप्राय मागताना फोटो नुसता समोर ठेवायचा, की काय करायचं होतं ते आधी सांगायचं? दोन्ही पद्धतींतून मिळणारं उत्तर वेगळं असतं.

काही न सांगता

फोटो भिंतीवर किंवा स्पर्धेत गेला की त्याच्या शेजारी तुम्ही उभे नसता. तो एकटा काय सांगतो हे फक्त याच पद्धतीत कळतं. विचारायचं असेल तर एवढंच विचारावं: नजर आधी कुठे गेली, तिथून कुठे गेली, आणि कुठे अडकली? ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छान’ यापलीकडे उत्तर क्वचितच येतं.

अडचण अशी की फुलांच्या फोटोत नाइलाज आणि निवड एकसारखेच दिसतात. फूल आहे त्याच आकाराचं सेन्सरवर उमटेल इतक्या जवळून फोटो घेतला, तर फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं लहान केलं तरी साधारण १ मिलिमीटर जाडीचाच थर स्पष्ट येतो. एका पुंकेसराचं टोक धारदार असेल तर पाकळीची कड धूसर होणारच. ही धूसरता हवी होती की टाळता आली नाही, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. मग तो सवयीच्या मापानं मोजतो, आणि बहुतेकांची सवय स्पष्टपणाची असते.

हा वाद जुना आहे. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात काही छायाचित्रकारांनी ‘ग्रुप एफ/६४’ नावाचा गट काढला. चित्रासारख्या धूसर फोटोंना त्यांचा विरोध होता, नावसुद्धा त्यांनी लेन्सच्या अगदी लहान छिद्रावरून घेतलं, ज्यानं फोटोचा जास्त भाग स्पष्ट येतो. मॅग्नोलियाच्या फुलांचे नितळ, स्पष्ट फोटो काढणाऱ्या इमोजेन कनिंगहॅम त्या गटात होत्या, आणि त्याआधी त्यांनी स्वतः मऊ, धूसर फोटो काढले होते. म्हणून ‘स्पष्ट नाही’ हा शेरा माझ्या लेखी अपुरा आहे. स्पष्ट नसल्यामुळे इथे काय हरवलं, हे सांगितलं तरच त्याचा उपयोग.

आधी सांगून

प्रयोग अर्धवट असेल तेव्हा मी हीच पद्धत निवडेन. समजा मल्टिपल एक्स्पोजरचे, म्हणजे एकाच चित्रात एकावर एक फोटो घेण्याचे, सहा प्रयत्न आहेत आणि त्यातला कुठला पुढे न्यायचा ते कळत नाही. समोरच्याला दिशाच माहीत नसेल तर तो त्यातला सर्वांत नेहमीसारखा फोटो निवडेल.

पण सांगितलेलं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत उतरतं. ‘मला एकटेपणा दाखवायचा होता’ म्हटलं की त्याला एकटेपणा दिसू लागतो, फोटोत नसला तरी. त्यासाठी सांगणं एका वाक्यात ठेवावं, आणि तेही हेतूबद्दल. पहाटे उठून दवात गुडघे भिजवल्याची हकिगत तर अजिबात सांगू नये. ते कष्ट ऐकल्यावर चांगल्या मनाचा माणूस खरं बोलायला कचरतो.

कोणाला विचारायचं, यानंही निवड बदलते. गप्प राहायचं असेल तर निदान तीन-चार जण हवेत, कारण एकट्याची नजर कुठे जाईल हा त्याच्या आवडीचाही भाग असतो. हेतू सांगून विचारायचं असेल तर एकच माणूस पुरतो, फक्त तो या तऱ्हेचं काम ओळखणारा हवा.

वेळ असेल तर दोन्ही एकापाठोपाठ करता येतात. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतीवर बोलण्यासाठी चार पायऱ्या आखल्या. बघणारे आधी काय भावलं, काय लक्षात राहिलं ते सांगतात. मग कलाकार प्रश्न विचारतो. मग बघणारे प्रश्न विचारतात, पण त्यात मत दडवायचं नाही. शेवटी कलाकाराची परवानगी घेऊन मत द्यायचं. फुलांच्या फोटोंना हा क्रम फार चांगला लागू पडतो: पहिल्या पायरीत तुम्ही गप्प असता, दुसरीपासून हेतू हळूहळू उघड होतो. दहा-बारा फोटो एका बैठकीत संपवायचे असतील तर मात्र हे जमणार नाही.

अभिप्राय देणाऱ्याच्या बाजूनं एक फरक मी पाळते. तांत्रिक दोष हेतू न विचारताच सांगायचा. लाल फुलांत एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, टोकाला जाऊन आपटलेला असतो आणि पाकळीचा सपाट डाग होतो. तेव्हा ‘डावीकडच्या वरच्या पाकळीत शिरा दिसत नाहीत’ असं जागा दाखवून बोलावं. बाकी सगळ्यासाठी आधी विचारावं. ‘मी असते तर जवळून क्रॉप केला असता’ हे वाक्य मी बोलणं सोडून दिलंय, त्यातून माझा फोटो तयार होतो, समोरच्याचा नाही.

घेणाऱ्यानं उत्तर देऊ नये, लिहून घ्यावं. अनेकांनी एकाच जागी बोट ठेवलं तर जागा बहुधा बरोबर असते, सांगितलेलं कारण चुकीचं असू शकतं. जास्वंदीच्या फोटोचं तेच झालं होतं. वही उघडून पुन्हा बघितलं तेव्हा कळलं की १/१५ सेकंदात रंग जेमतेम सरकला होता, चूक वाटावी इतकाच. पुढच्या वेळी मी शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं आणि कॅमेरा लांबवर ओढला. तो फोटोही काही न बोलता दाखवला. फोकसबद्दल कोणी विचारलं नाही. एकानं विचारलं, हा रंग खाली कुठे चाललाय?