दर्यापूरजवळ दर्या: घरच्या रीफ टाकीचे चौदा महिने

गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे भर खारपाणपट्टा. घरात रीफ टाकी, म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, करायची ठरवली. तिच्यासाठी मिठाची पहिली बादली घरात आली तेव्हा आजीनं विचारलं, "आपल्या हिरीचं पानी पह्यलंच खारं हाय, मंग मीठ कायले इकत आनतं बाप्पा?" प्रश्न रास्त होता. पण आपल्या विहिरीचा खारेपणा समुद्राचा नव्हे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि मॅग्नेशियम तेराशेच्या घरात. हे प्रमाण बिघडलं की कोरल गेलंच. त्यामुळे आधी आरओ आणि डीआय (उरलेसुरले क्षार रेझिनच्या दाण्यांनी ओढून घेणारं गाळण) लावून पाणी कोरं करायचं आणि मग त्यात रीफचं मीठ घालायचं. बोअरच्या पाण्यावर डीआयचं रेझिन तीन आठवड्यांतच संपायचं. आता शहानूर धरणाचं नळाचं पाणी येईल त्या दिवशी दोन ड्रम भरून ठेवतो.

टाकी तीन फुटी, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड-वाळू वजा जाता दीडशे लिटर पाणी. दिवाळीत भरली आणि पहिले सहा आठवडे नुसते दगड बघत बसलो, कारण अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी बसावे लागतात. नंतर क्लाऊनफिशची जोडी, एक निळी डॅमसेल मासोळी, दोन क्लीनर कोळंब्या आणि फक्त मऊ कोरल: झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया. कडक, रीफ बांधणारी कोरल १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत. "सर, कोणी पाहत नाही," असं म्हणणारा दुकानदार भेटला, तर तिथून मासासुद्धा घेऊ नका.

स्किमर, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडून पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र, चांगला निघाला, आवाज सोडला तर तक्रार नाही. लाइटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, चालतो. खरी परीक्षा गारव्याची. पाणी गार करणाऱ्या चिलरची किंमत टाकीपेक्षा जास्त, म्हणून काठावर १२ व्होल्टचे दोन पंखे लावले. कोरड्या मे महिन्यात त्यांनी पाणी तीन-साडेतीन अंशांनी खाली ठेवलं. पाऊस लागला की तेच पंखे निकामी. कूलर वापरणाऱ्याला याचं कारण सांगायची गरज नाही. पण पंख्याचं दुसरं टोकही आहे. उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर पाणी उडतं आणि मीठ मात्र टाकीतच राहतं. ते भरून काढायला गोडं पाणीच घालायचं. मी एकदा घाईत खारं ओतलं. खारेपणा ज्यानं मोजतो ते विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या वर गेलं आणि झोअँथिड दोन दिवस मिटून बसले.

आता मुख्य घोटाळा. मेअखेरीस वावधन आलं, लाइनचे खांब पडले आणि एकोणीस तास वीज नव्हती. मी परतवाड्याला लग्नात. इन्व्हर्टरवर मी शहाण्यासारखा लाइट, स्किमर, पंप, सगळंच जोडून ठेवलेलं. बॅटरीनं पाच तासांत मान टाकली. रात्री साडेनऊला आईचा फोन आला, "मासे वर येऊन तोंड वासून राह्यले रे." गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात पाणी थांबलेलं. मी म्हटलं, तांब्यानं पाणी उचल आणि वरून ओतत राहा. आई आणि आजी आळीपाळीनं, मोबाइलच्या उजेडात, दोन वाजेपर्यंत ओतत होत्या. तांब्या स्टीलचा होता हे नशीब. खऱ्या तांब्याचा रीफ टाकीत काही उपयोग नाही, कोळंबीला आणि कोरलला तांबं विषच.

सकाळी पोचलो तेव्हा पाणी ३३.५ अंश. झेनियाचा चिखल झालेला, सडक्या अंड्यासारखा वास. डॅमसेल दगडामागे मेलेली, एक कोळंबी गेलेली. क्लाऊन जिवंत. मेलेलं सगळं बाहेर काढलं, चाळीस लिटर पाणी बदललं, पाण्यातली घाण शोषणारा कार्बन टाकला, दोन दिवस खाणं बंद. अमोनिया आठवड्यात शून्यावर आला. मशरूम मात्र पांढरे पडले, कारण त्यांच्या अंगातली शेवाळं उष्णतेनं बाहेर पडतात. लाइट निम्म्यावर आणला. दुसऱ्याच आठवड्यात माझा धीर सुटला, परत पूर्ण केला आणि वाळूवर तपकिरी लेप चढला. मग गुमान निम्म्यावर ठेवला. रंग परतायला ऑगस्ट उजाडला.

आता इन्व्हर्टरवर फक्त दहा वॉटचा वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप, आहे. लाइट नसला तर कोरल दोन दिवस मरत नाहीत, पाणी हललं नाही तर मासे एका रात्रीत जातात.

आपल्याकडच्या माणसानं आणखी एक जपायचं, ते म्हणजे फवारणी. कपाशीवर मारतो त्यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधं मासे आणि कोळंबीसाठी जहर आहेत. फवारणीच्या दिवशी हात टाकीत घालायचाच नाही, अंघोळ झाली तरी. स्किमर खोलीतली हवा ओढतो, म्हणून फवारणीचा पंप आणि कपडे आता गोठ्यात ठेवतो. झोअँथिड हाताळताना मात्र हातमोजे आपल्याच जिवासाठी, त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं.

खर्च आतापर्यंत सत्तर हजारांच्या पुढे गेला. पैकी दोनेक हजार मी चुकांवर उडवले, आणि ते टाळता आले असते. सर्वांत मोठी चूक पैशाची नाहीच, जागेची. टाकी मी नव्या स्लॅबच्या, पश्चिमेच्या खोलीत ठेवली, दिसायला छान म्हणून. जुन्या घराच्या माजघरात हातभर जाड मातीच्या भिंती आहेत, तिथं मे महिन्यातही दुपारी पाच-सहा अंश कमी असतं. मार्चच्या आत टाकी तिकडे हलवायची आहे. दगड ओले ठेवून, पाणी ड्रममध्ये काढून, एका दिवसात करायचं काम आहे. अडचण एकच. तिथं आजीची खाट आहे, आणि "मासोयीसाठी मी कायले उठू?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.