चॉकलेट बार्कसाठी डार्क कंपाउंडची लादी: सोय भरपूर, चव बेताची

दिवाळीत द्यायच्या डब्यांसाठी या वर्षी घरी चॉकलेट बार्क करावे म्हणून बेकरीचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून डार्क कंपाउंडची, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेल्या चॉकलेटची, ५०० ग्रॅमची लादी आणली. वितळवलेले चॉकलेट बटर पेपरवर पातळ पसरायचे, त्यावर सुका मेवा व वाळवलेली फळे पेरायची आणि ते घट्ट झाले की हातानेच वेडेवाकडे तुकडे करायचे, एवढीच याची कृती. झाडाच्या सालीसारखे दिसते म्हणून ते बार्क. केकमध्ये किंवा ब्राउनीत चॉकलेटचे उणेपण लोणी, मैदा, अंडी यांच्याआड लपते, बार्कमध्ये मात्र त्याला लपायला जागाच नसते.

लादीच्या वेष्टनावरील घटकांची यादी साखरेपासून सुरू होते आणि लगेच हायड्रोजनेटेड वनस्पतिजन्य चरबी येते. कोकोची पूड त्यानंतर. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, यादीत कुठेही नाही, आणि कंपाउंडची सगळी सोय व सगळी उणीव या एकाच गोष्टीतून येते. कोको बटरचे स्फटिक अनेक प्रकारांनी जमू शकतात आणि त्यांतील एकाच प्रकाराने चॉकलेटला तकाकी व मोडताना येणारा कडक आवाज मिळतो, म्हणून खरे डार्क चॉकलेट सुमारे ४५ अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ अंशांपर्यंत निववून पुन्हा ३१-३२ अंशांवर आणावे लागते. यालाच टेम्परिंग म्हणतात. कंपाउंडला यातले काहीच करावे लागत नाही. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने ढवळत वितळवले, पसरले आणि वीस मिनिटांत पापुद्रा चांगला तकतकीत जमला. पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी हे मोठेच सुख आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

चव घेतल्यावर मात्र मन खट्टू झाले. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या उष्णतेच्या किंचित खाली वितळते, त्यामुळे खरे चॉकलेट जिभेवर विरघळून जाते. या लादीचा तुकडा तोंडात फिरवावा लागला आणि टाळ्याला मेणचट थर राहिला. गोडीही अंमळ जास्तच. भाजलेले बदाम व काजू, सांगलीकडचे बेदाणे आणि वर चिमूटभर जाडे मीठ यांनी बरीच लाज राखली. आंबापोळीचे बारीक तुकडे हा माझा स्वतःचा प्रयोग होता आणि त्याचा आंबटपणा कडवट चॉकलेटशी फार छान जुळतो, पण या गोडमिट्ट लादीवर तो वाया गेला. ताजी फळे घालण्याचा मोह कोणी करू नये: वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी ते रवाळ होऊन आळते, आणि वर ठेवलेली ओलसर फोड दोन दिवसांत खराब होते.

तुलनेसाठी पुढच्या आठवड्यात कूव्हर्चर, म्हणजे भरपूर कोको बटर असलेले चॉकलेट, आणून तसेच बार्क केले. पहिल्या खेपेला तापमान चुकले आणि पृष्ठभागावर राखाडी चट्टे उमटले. दुसऱ्या खेपेला एक तृतीयांश चॉकलेट न वितळवता बाजूला ठेवून ते नंतर थोडे थोडे मिसळले, तेव्हा मनासारखे जमले. त्याची किंमत कंपाउंडच्या तिपटीहून अधिक पडली आणि थर्मामीटर वेगळा घ्यावा लागला, तरी चवीत इतका फरक होता की घरात कंपाउंडच्या डब्याला नंतर कोणी हात लावला नाही.

लहान मुलांच्या वाढदिवसासाठी किंवा हातात चॉकलेट लगेच पाघळते अशा मे महिन्यात कंपाउंड घ्यायला हरकत नाही. त्यासाठी पाचपैकी तीन गुण देईन, बार्कसाठी दोनच. उरलेली पाव लादी मी बिस्किटे बुडवण्यासाठी ठेवली आहे.