फक्त म्हाताऱ्या माणसांना बघणारी ओपीडी, अण्णांचा अनुभव

पुण्यातल्या एका जेरियाट्रिक ओपीडीचा अनुभव लिहितेय, पाचपैकी पाच स्टार. घरात म्हातारं माणूस असेल तर प्लीज पूर्ण वाचा.

माझे सासरे अण्णा, वय 79. सोमवारी स्वतः चालत जाऊन लाइट बिल भरून आलेला माणूस आणि गुरुवारी संध्याकाळी मलाच विचारतात, ताई आपण कोण? रात्रभर जागे, चादरीवरचं काहीतरी चिमटीत धरून बाजूला टाकतायत, म्हणे मुंग्या आहेत, मुंगी एकही नव्हती. सकाळी चहाला बऱ्यापैकी ठीक, मला नावाने हाक मारली, दुपारी परत तेच. आधी जिथे नेलं तिथे पाच मिनिटांत सांगून मोकळे, वय झालं, डिमेन्शिया आहे, आता असंच चालायचं, आणि झोपेची गोळी. त्या गोळीनं तर अजूनच बिघडलं.

इथे डॉक्टरांनी आधी मलाच विचारलं, "गेल्या आठवड्यात कसे होते?" मग अण्णांना, "काका, डिसेंबरपासून महिने उलटे म्हणा बरं." डिसेंबर, नोव्हेंबर... आणि पंख्याकडे बघत बसले. परत विचारलं तरी तेच. डॉक्टर म्हणाल्या विसरणं वेगळं आणि लक्षच न टिकणं वेगळं. डिमेन्शिया बहुतेकदा महिने-वर्षं लावून हळूहळू येतो, सुरुवातीला माणूस विसरतो पण पूर्ण शुद्धीवर असतो. तासा-दिवसांत असं बिघडलं, दिवसभर वरखाली होतंय, लक्ष लागत नाही, तर तो डिलिरियम, आपली जुनी माणसं वात झाला म्हणायची ना तेच, आणि त्याच्यामागे शरीरातलं काहीतरी कारण असतं ते शोधायचं.

मग गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी केली आणि एकेक पट्टी बघितली. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी (तिने रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं), आणि सर्दीची, मेडिकलमधून आणलेली क्लोरफेनिरामिनवाली, अण्णा आठवडाभर दिवसातून तीनदा घेत होते, आम्हाला पत्ताच नाही! त्या सर्दीच्या गोळीने या वयात भ्रम होऊ शकतो, लघवीही तुंबू शकते. रक्तातलं सोडियम 121 निघालं (नॉर्मल 135 ते 145) आणि लघवीत इन्फेक्शन. लगेच ॲडमिट केलं. सोडियम मुद्दाम हळूहळू वाढवलं, झपाट्याने वाढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते म्हणे. चष्मा आणि कानाचं मशीन काढून ठेवू नका, समोर घड्याळ ठेवा, घरचं कोणीतरी जवळ थांबा, हेही त्यांनीच सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, "आज पेपर नाही आला का गं?" मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन रडले. पूर्ण पहिल्यासारखं व्हायला मात्र तीन आठवडे गेले.

अजून एक, सगळेच बडबडत नाहीत. काही जण नुसते गप्प पडून राहतात, जेवत नाहीत, आपल्याला वाटतं दमलेत. तोही डिलिरियम असू शकतो आणि तोच जास्त निसटतो.

स्मरणशक्तीची टेस्ट डॉक्टरांनी तेव्हा केलीच नाही, तीन महिन्यांनी केली. त्यात थोडा विसराळूपणा खरंच निघाला, म्हणजे दोन्ही एकत्र असू शकतं, आणि डिमेन्शिया असलेल्यांना डिलिरियम पटकन होतो. आम्हाला हे स्पष्ट सांगितलं, उगाच धीर दिला नाही, ते फार आवडलं.

अपॉइंटमेंट असून दीड तास बसावं लागतं आणि खुर्च्या कमी आहेत, तेवढं त्यांनी बघावं. जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या, मेडिकलमधून आणलेल्यासुद्धा, आणि काय कधी सुरू झालं ते तारीख-वेळ टाकून लिहून न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.