म्युनिक–बर्लिन: विमान की रेल्वे? आठ महिन्यांचा अनुभव

नवऱ्याची नोकरी बर्लिनला, माझी म्युनिकला. गेले आठ महिने एका आड एक शुक्रवारी मी हा प्रवास करतेय. सुरुवातीचे तीन महिने विमानाने, नंतर रेल्वेने.

दोन्ही शहरांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ५०४ किलोमीटर. जर्मन लोक याला 'लुफ्टलीनिए' म्हणतात, म्हणजे हवेतली रेघ. गाडीने जायचं तर ५८५ च्या आसपास आणि रेल्वेचा मार्ग ६२३ किलोमीटरचा. विमानाच्या तिकिटावर १ तास १० मिनिटं लिहिलेली असतात, ती बघूनच मी भुलले. खरं तर ही वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. हवेत जेमतेम पाऊण तास जातो.

पण मी विमानतळावर थोडीच राहते? घरातून ३:४० ला निघायचं, म्युनिकच्या मध्यावरच्या मारिएनप्लात्झ चौकातून एस-८ लोकलने ४० मिनिटं, मग तपासणी, रांग, गेट. सहाचं विमान. बर्लिनचा विमानतळ २०२० पासून शहराच्या दक्षिणेला पार टोकाला आहे. तिथून परत लोकल. बर्लिनच्या मोआबिट भागातल्या घराची बेल वाजवेपर्यंत सव्वाआठ. झाले ना साडेचार तास!

रेल्वेनेही घरून घरी तेवढाच वेळ लागतो. न्यूरेंबर्ग, एरफुर्ट, हाले असे मोजके थांबे घेणारी आयसीई स्प्रिंटर ही वेगवान गाडी चार तासांच्या आत पोचवते. डिसेंबर २०१७ मध्ये थुरिंगिया राज्याच्या डोंगरातला नवा मार्ग सुरू झाला, त्याआधी सहा तास लागायचे. एबेन्सफेल्ड ते एरफुर्ट या १०७ किलोमीटरमध्ये २२ बोगदे आणि २९ पूल आहेत. बोगद्यातून बाहेर पडावं, खाली दरी दिसते न दिसते तोच पुढचा बोगदा. माझा जेवणाचा डबा मी मुद्दाम तिथेच उघडते.

घड्याळाने बरोबरी आहे, पण विमानाच्या साडेचार तासांचे सात तुकडे होतात. बॅग उचला, ठेवा, पट्टा काढा, घाला. एकाही तुकड्यात धड पुस्तक वाचून होत नाही. रेल्वेत चार तास सलग माझे. शिवाय लोणच्याच्या बरणीचे मिलीलिटर मोजावे लागत नाहीत!

विमान सोडलं ते नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी. म्युनिकचा विमानतळ एर्डिंगच्या दलदलीच्या सपाट भागात आहे, हिवाळ्यात तिथे दाट धुकं पडतं. त्या दिवशी रात्री नऊला विमान रद्द झालं. युरोपात १५०० किलोमीटरपर्यंतच्या विमानाला २५० युरो भरपाई मिळते, पण कारण हवामानाचं असेल तर नाही. तिकिटाचे पैसे तेवढे परत आले. मी रडत घरी आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

रेल्वेचीही खोट आहे. २०२४ मध्ये जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या. म्हणून शेवटची गाडी मी कधीच धरत नाही, आधीची घेते. तासभर उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के परत मिळतात, दोन तास झाला तर ५०. शुक्रवारी जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर दारापाशी उभं राहावं लागतं.

मुंबईला जाताना म्युनिकमध्ये विमान बदलायचं असेल, तर मात्र बर्लिनहून विमानच घ्या, सामान थेट पुढे जातं. बाकी घरून घरी जाणाऱ्यांना मी रेल्वेच सांगेन. माझं पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढून झालंय, खिडकीची जागा मिळाली आहे.